मोतीरामचा बारीक टाका

छावणीच्या मागच्या गल्लीतल्या राजेंद्रच्या कारखान्यातून कुठलाही नग मोहियोद्दीनच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. कारखाना म्हणजे पत्र्याचं लांबलचक छप्पर, दोन कुरकुरणारे पंखे, भिंतीला पाठ लावून बसलेले आठ-दहा कारागीर आणि कमावलेल्या चामड्याचा वास. इथं होल्स्टरं बनत, म्हणजे कमरेला पिस्तूल अडकवायची चामडी म्यानं. तीही आजच्या पोलिसाची नव्हेत. शंभर वर्षांमागच्या महायुद्धात गोरे अंमलदार कमरेला लावून खंदकात उतरले, तसली.

कोण घेतं असला माल, असं कुणी विचारलं की मोहियोद्दीनला चेव यायचा. परदेशात जुनी पिस्तुलं हौसेनं जपणारे लोक आहेत. पिस्तूल लोखंडाचं, ते टिकतं. चामडं मात्र खारी बिस्किटासारखं तुटायला लागतं. मग त्या म्हाताऱ्या पिस्तुलाला शोभेल असं नवं म्यान लागतं. शिवाय तिकडे सुट्टीच्या दिवशी जुने गणवेश चढवून माळावर लुटुपुटीची लढाई खेळणारी मंडळीही आहेत.

"म्हंजे नाटकवालेच की," शेजारी बसलेला मोतीराम चामड्यात भोकं पाडणारी आरी न थांबवता म्हणायचा. "नुस्तं तिकीट नाय."

मोहियोद्दीनचे वाडवडील निजामाच्या रिसाल्याची खोगिरं शिवायचे. रिसाला गेला, घोडे गेले, मग खोगीर कुणाला हवं? वडिलांनी पैठण गेटजवळच्या दुकानात टांग्यांचे लगाम शिवले, टांगे गेले तेव्हा शाळेची दप्तरं शिवली. मध्येच कधी एखादी नाटक मंडळी शहरात मुक्कामाला आली की तिचं काम दुकानात यायचं. तलवारीचं म्यान उसवलंय, सेनापतीचा कमरपट्टा तुटलाय, राजाचे जोडे राजालाच चावतायत. दुरुस्त झालेलं सामान पोचवायला मोहियोद्दीन जाई आणि विंगेत उभा राहून अख्खं नाटक बघून परत येई. धंद्याचं मर्म आपल्याला दुकानात नाही, त्या विंगेत कळलं, असं तो सांगे. म्यान पुठ्ठ्याचं असलं तरी चालतं. पण नटानं तलवार उपसताना ती अडखळली, तर पब्लिक हसतं आणि राजाचा विदूषक होतो. बाहेरून दिसणं हे अर्धं काम. हातात घेतल्यावर खरं वाटणं, ते उरलेलं अर्धं.

म्हणून त्याची माल तपासायची रीत पाहण्यासारखी होती. पहिलं काम नाकाचं. बाभळीच्या सालीत सावकाश कमावलेल्या चामड्याला ओल्या लाकडाचा गोडसर वास असतो. औषधात झटपट कमावलेल्याला दवाखान्याचा. मग नख. नख दाबलं की वळ उठावा आणि हळूहळू विरावा. उठलाच नाही तर चामडं निबर. उठून तसाच राहिला तर ते जनावराच्या पोटाकडचं, चार दिवसांत सैल पडणार. मग तो आत लाकडी पिस्तूल घाली, मान वर करून पंख्याकडे बघत झाकण बंद करी. पट्ट्याचं भोक पितळी खुंटीवर आपोआप बसलं पाहिजे. अंधारात, गोळ्या सुटत असताना, अंमलदार काय खाली बघत बसेल?

सगळ्यात शेवटी टाका. कारखान्यात एक अस्सल होल्स्टर होतं. विलायतेतल्या गिऱ्हाइकानं नमुना म्हणून पाठवलेलं. ते मलमलीत गुंडाळून कपाटात असे आणि सगळे त्याला 'गोरा साहेब' म्हणत. गोऱ्या साहेबाचा टाका जाड आणि विरळ होता, इंचाला सात. लढाईची घाई, माल ढिगानं लागत होता, तेव्हा बारीक टाके घालायला सवड कुणाला होती? मोहियोद्दीनचं म्हणणं, आपलाही टाका तसाच विरळ पडला पाहिजे. नक्कल करायची तर मूळच्या खोडीसकट करायची. आणि आतल्या बाजूला कारखान्याचा शिक्का हवाच, म्हणजे उद्या कुणी ते जुनं म्हणून कुणाच्या गळ्यात मारणार नाही. "नट राजा होतो, ठीक आहे," तो म्हणे. "पण पडदा पडल्यावर मुकुट घालून घरी जात नाही."

मोतीराम पैठणकडचा. ऐन विशीत शहरात आला तो थेट मोहियोद्दीनच्या वडिलांच्या दुकानात. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जोड्यांचं काम, त्यामुळे हाताला वळण होतंच. खोगिराचा टाका त्याला मोहियोद्दीनच्या वडिलांनी शिकवला. दोघं पाटाला पाट लावून कामात मुरले, दोघांची लग्नं झाली, दुकान बंद पडलं, आणि राजेंद्रनं कारखाना काढला तेव्हा मोहियोद्दीननं एकच अट घातली, मोतीराम माझ्या शेजारी बसेल.

या दोघांत सरळ बोलणं असं कधी झालंच नाही. मोहियोद्दीनला मुलगी झाली तेव्हा मोतीराम पाळण्यात डोकावून म्हणाला, "बापावर नाय गेली. नशिबाची हाय." मोतीरामचे वडील वारले तेव्हा मोहियोद्दीन पैठणला गेला, दिवसभर ओट्यावर गप्प बसून राहिला आणि निघताना एवढंच म्हणाला, "आता रापी उलटी धरली म्हणून तुला शिव्या कोण देणार, मोतीशेठ?" त्यावर दोघंही रडले. ज्या माणसांना थट्टेतून रडता येतं, त्यांना सरळ बोलायची गरज पडत नाही. निदान मोहियोद्दीनला तरी तसं वाटत होतं.

कारखान्यात एक रिवाज होता, तोही वडिलांच्या दुकानातून आलेला. माल लौटाना हो, तो चाय पिलाके लौटाओ. कुणाचा नग परत करायचा असला की मोहियोद्दीन तो चारचौघांत कधी परत करत नसे. नग पिशवीत घालायचा, कारागिराच्या खांद्यावर हात ठेवायचा, "चल, चाय पिऊन येऊ," म्हणायचं आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर, बशीतला चहा फुंकत, काय चुकलं ते सांगायचं. मोहीचाचा चहाला घेऊन निघाले की सगळे समजून घेत आणि कुणी काही विचारत नसे. माणसाची लाज टपरीवरच राहत असे.

गेल्या पोळ्याच्या सुमाराला मोतीरामचा टाका बारीक पडू लागला. सातच्या जागी आठ, मग नऊ. मोहियोद्दीननं त्याला चहाला नेलं.

"मोतीशेठ, ही पैठणी नाही. लढाईचं सामान आहे."

"बारीक टाका वाईट का असतो?"

"वाईट नाही, चुकीचा आहे."

"तुझ्या बापानं बारीकच शिकवला."

बापानं खरोखरच बारीक शिकवला होता. मोहियोद्दीन हसला, मोतीराम हसला, चहा संपला. मोहियोद्दीननं मनाशी ठरवून टाकलं, म्हाताऱ्याला कलाकारी सुचलीय. उतारवयात होतं माणसाला असं. आयुष्यभर दुसऱ्याच्या मापानं शिवलं, आता आपली सही उठवावीशी वाटत असेल.

दिवाळीनंतर आणखी टपरीवारी झाली. टाका बारीक तर होताच; वर झाकणाच्या गोलाईवर शिलाई कडेला सरकत होती. मग एक होल्स्टर असं आलं की अर्धी शिलाई तपकिरी दोऱ्याची आणि अर्धी काळ्या. मोहियोद्दीनला वाटलं, हा आपली टर उडवतोय. नमुना, नमुना करतोस ना, घे. तोही मग ईर्ष्येला पेटला. मोतीरामचा नग हातात आला की तो आधी दातेरी चाकाची खूण बघे. चामड्यावर टाक्याचं माप उठवणारं ते चाक मोतीराम फिरवत होता, बरोबर सातच्या मापानं. खुणा जागच्या जागी होत्या. आरी मात्र त्या खुणांना धूप न घालता भलतीकडेच गेलेली. माप समोर ठेवून ते मोडायचं, याला माज नाही तर काय म्हणायचं?

संक्रांतीच्या आधी मोठा माल जायचा होता. खोकी बांधायला घेतली होती, राजेंद्र स्वतः येऊन उभा होता. मोतीरामचे नग हातात आले आणि मोहियोद्दीनच्या अंगठ्याला ते टाके बोचले. खरं तर त्या घटकेला त्यानं उठायला हवं होतं. पिशवी घ्यायची, खांद्यावर हात ठेवायचा. पण राजेंद्र घड्याळ बघत होता, आणि मोहियोद्दीनचंही डोकं फिरलं होतं. त्यानं कपाट उघडलं, गोऱ्या साहेबाला मलमलीतून बाहेर काढलं आणि मोतीरामच्या तोंडासमोर धरलं.

"बघ. नीट बघ. काय दिसतं ह्यात?"

मोतीरामनं ते हातात घेतलं. मान तिरपी केली, लांब धरलं, जवळ आणलं. मग खाली ठेवलं.

"मला तर ह्यात काय दिसत नाय," तो म्हणाला.

अख्खा कारखाना हसला. इतकी वर्षं मोहीचाचांनी ज्या गोऱ्या साहेबाचे पोवाडे गायले, त्याची एका वाक्यात ही किंमत. बन्सी नावाचा पट्टे कापणारा तर रापी खाली ठेवून हसला. राजेंद्रसुद्धा हसला.

मोहियोद्दीन हसला नाही. "हे सगळे परत," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणि ज्याला ह्यात काही दिसत नाही, त्याचा नग इथून पुढं मी पास करणार नाही."

हसणं थांबलं. मोतीरामचं तोंड मोहियोद्दीनकडे होतं, पण जरा बाजूला, जणू मोहियोद्दीनच्या शेजारी आणखी कुणी उभं आहे आणि तो त्याच्याशी बोलणार आहे. मग भिंत चाचपत उठला, चपला पायांनी शोधल्या आणि गेला. चपला शोधायला त्याला वेळ लागला. तेही मोहियोद्दीननं पाहिलं आणि त्याला वाटलं, आपण थांबवावं म्हणून वेळ काढतोय.

दुसऱ्या दिवशी मोतीराम आला नाही. आठवडा गेला, महिना गेला. मोहियोद्दीन रोज त्याच्या रिकाम्या पाटाशेजारी बसायचा आणि दुसऱ्या कुणाला तिथं बसू द्यायचा नाही. राजेंद्रनं एकदा विचारलं, "चाचा, फोन करू का त्यांना?"

"नक्को. येईल तो. भूक लागली की मांजर घरी येतं."

घरी राहतबी, म्हणजे त्याची बायको, रोज तेच म्हणे. "जाऊन या ना त्यांच्या घरी, मुकुंदवाडीला. कितीसं लांब आहे?"

"मी का जाऊ? अपमान माझा झाला."

"तुमचा झाला, तर मग ते का येत नाहीत कारखान्यात?"

राहतबीचे प्रश्न असेच असत, सरळ. मोहियोद्दीननं त्यावर पेपर तोंडापुढं धरला.

यंदा पाडवा आणि ईद पाठोपाठच आले. ईदेला मोतीराम यायचा, हा नेम कधी चुकला नव्हता. शीरखुर्म्याची पहिली वाटी त्याची, आणि ती पिऊन "औंदा दूध पातळ हाय" असं म्हणायचा मानही त्याचा. त्या दिवशी मोहियोद्दीननं सकाळपासून दाराकडे पाठ करून बसायचं ठरवलं आणि सकाळपासून दाराकडेच बघत राहिला. संध्याकाळी राहतबीनं ती झाकलेली वाटी आत नेली. मोहियोद्दीनला वाटलं, संपलं. इतका गर्व असेल तर संपलंच.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी भर दुपारी मोतीरामची बायको कालिंदी कारखान्याच्या दारात उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात रिकामी गोणपाटाची पिशवी.

"भाईजी, त्यांचं सामान न्यायला आले. आरी, रापी, पाट."

मोहियोद्दीननं मान वर केली नाही. "शेठना स्वतः यायला काय झालं, वहिनी? पाय दुखतात?"

"पाय न्हाईत, भाईजी," कालिंदी म्हणाली. "डोळे."

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं, असं मोहियोद्दीनला पुढं कितीदा तरी वाटलं. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. साखर होती, ती कुणाला ठाऊक नव्हती. साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेलं ते आता परत येणार नाही. उरलंय तेवढं धरून ठेवू. कडेकडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. समोर माणूस उभा राहिला तर तोंडाच्या जागी धूर दिसतो. वर्षभर आधी आला असता तर बरंच राखता आलं असतं.

"तुम्हाला म्हणाले नाहीत का कधी?" तिनं विचारलं. खरोखरच माहीत नव्हतं म्हणून विचारलं.

पिशवी भरून ती गेली. पाट तेवढा राहिला, तो तिला उचलवला नाही. मोहियोद्दीन उठला आणि परत केलेल्या मालाच्या फळीकडे गेला. तिथं मोतीरामचे सगळे नग धूळ खात पडले होते. ते उसवून चामडं पुन्हा वापरायचा नियम होता, पण मोतीरामचे नग त्यानं उसवू दिले नव्हते. ते त्यानं खाली काढले आणि कापण्याच्या टेबलावर ओळीनं मांडले, आधीचं आधी, नंतरचं नंतर.

आता वाचायला काही अडलं नाही. पोळ्याच्या सुमाराचं होल्स्टर, टाका जरासाच बारीक. खुणा पुसट दिसत असणार, म्हणून मोतीरामनं मागच्या भोकाला नख लावून पुढचं भोक पाडायला सुरुवात केली असणार. नखानं चाचपून शिवायचं तर टाका जवळच पडणार, लांब पडेलच कसा? मग दिवाळीनंतरचं. सरळ शिलाई अजून सुरेख, पण गोलाईवर कड नखाला सापडत नव्हती, म्हणून शिलाई सरकलेली. मग ते दोन दोऱ्यांचं. तपकिरी आणि काळा त्याला एकच दिसत होता. शेवटच्या नगावर मागच्या बाजूनं बारीक बारीक टोचे होते, आरीनं जागा शोधली होती, चुकली होती, पुन्हा शोधली होती. एका ठिकाणी चामड्यावर गंजासारखा डाग होता. मोहियोद्दीननं तो नाकाजवळ नेला आणि बाजूला ठेवला.

आयुष्यभर त्यानं चामडं बघून जनावराचं वय सांगितलं, गोचिडाची खूण सांगितली, पोटाचं कुठलं नि पाठीचं कुठलं ते सांगितलं. आणि आपला माणूस महिन्यामागून महिना आंधळा होत चालला होता, तो आपलं आंधळेपण टाक्याटाक्यानं लिहून त्याच्या हातात देत होता, आणि मोहियोद्दीन म्हणत होता, माज आलाय.

दुसऱ्या दिवशी तो मुकुंदवाडीला गेला. स्टेशनाच्या अलीकडची ती गल्ली त्याला पाठ होती. मोतीराम दारापुढं खाटेवर बसला होता, हात मांडीवर. त्याच्या हातांना काही काम नाही, हे दृश्य मोहियोद्दीननं आजवर कधी पाहिलं नव्हतं. रिक्षातून उतरताना त्याला खोकला आला.

"कोण, गोरा साहेब का?" मोतीराम म्हणाला. "लई दिवसांनी वाट घावली."

मोहियोद्दीन खाटेवर बसला. आतून कालिंदीनं "भाईजी आले का?" असं विचारलं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मोहियोद्दीननं विचारलं.

"सांगितलं की. समद्यांच्या म्होरं सांगितलं. तू म्हणलास, काय दिसतं ह्यात. म्या म्हणलं, काय दिसत नाय. आता आन् कसं सांगायचं?"

"मला वाटलं, मस्करी करतोस."

"व्हय, तसंच वाटलं असंल." मोतीरामनं मान हलवली. "तुला तसंच वाटावं, असं निम्मं मलाबी वाटत व्हतं. लाज वाटायची रं. आरी धरणाऱ्यानं मला दिसत नाय म्हणायचं म्हंजे. पर म्या ठरवलं व्हतं, ह्या टायमाला चहाला गेलो की सांगायचं मोह्याला. टपरीवर सांगायचं. दोघंच असतो तिथं." तो थांबला. "तू चहाला नेलंच नाहीस."

आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो बंद झाला.

मोहियोद्दीननं काय बोलावं? नाटकात अशा जागी नटाला वाक्य दिलेलं असतं. इथं ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. त्यानं मोतीरामचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या टोकाला आरीच्या जुन्या टोच्यांची चाळण झाली होती.

"डॉक्टर इचारत व्हता, कधीपासून म्हणून," मोतीराम म्हणाला. "मला नीट सांगता आलं नाय. हळूहळूच झालं ना."

"पोळ्यापासून."

"तुला रं कसं ठावं?"

"टाक्यात दिसतं. कालच सगळे मांडून बघितले."

मग अगदी साध्या आवाजात, जशी वेळ विचारावी तसं, मोतीरामनं विचारलं, "मंग तवाच का नाय दिसलं तुला?"

मोतीरामनं पुन्हा विचारलं नाही. तो तसा मोठ्या मनाचा माणूस. त्यानंच विषय बदलला, कारखान्यात कोण कोण आहे, बन्सी अजून पट्टे वाकडे कापतो का, असलं काहीबाही विचारत बसला. निघताना मोहियोद्दीननं मनात घोळत असलेलं बोलून टाकलं. राजेंद्रशी बोलणं झालं होतं. दोऱ्याला मेण लावायचं काम डोळ्यांशिवाय होतं. मोतीरामनं यावं, आपल्या पाटावर बसावं, गप्पा माराव्यात.

"आरीवाल्याला मेणाला बसवतोस व्हय?" मोतीराम हसत म्हणाला. "न्हाई रं. पोरं बघतील, आन् म्या त्यांना बघणार नाय. ते नको. तूच येत जा हिकडं."

तेव्हापासून मोहियोद्दीन दर शुक्रवारी नमाज आटोपली की मुकुंदवाडीला जातो. कालिंदी दोघांना जेवायला वाढते, तो मोतीरामच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालतो, तिला सवड मिळावी म्हणून घाटीच्या फेऱ्यांनाही तोच घेऊन जातो. कारखान्यात तो आता कुणाचा टाका चुकला तर नग बाजूला ठेवून आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघतो, इतका वेळ, की पोरं बुजतात. राजेंद्र म्हणतो, चाचा, माल अडकून पडतो. खरंच पडतो.

पण मोतीरामच्या दारात वेगळंच काही अडकून पडलंय, आणि ते मोहियोद्दीनला कुणाला सांगता येत नाही.

परवाच्या शुक्रवारची गोष्ट. दोघं जेवायला बसले होते. मोतीरामनं भाकरीचा तुकडा मोडला आणि आतल्या कालिंदीला ऐकू जाईल असा आवाज लावला, "ही भाकर हाय का चपलेचा तळ? गार, निबर. मोहीभाई पास करणार नाय हिला." कालिंदी आतून काहीतरी तिखट बोलली. मोतीराम वाट बघत थांबला. आता मोहियोद्दीननं पुढचं वाक्य टाकायचं, दोघांनी हसायचं, असा तो आयुष्यभराचा खेळ.

मोहियोद्दीननं हात पुढं केला आणि मोतीरामच्या ताटातल्या भाकरीला बोट लावून पाहिलं. भाकरी गरम होती. मग त्याला काळजी वाटली की ह्याच्या बोटांनाच आता गरम-गार कळेनासं झालं की काय. साखरेत तसंही होतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मोती, बोटं बधिर वाटतात का रे?"

मोतीरामनं तोंड त्याच्याकडे वळवलं, नेहमीसारखं जरा बाजूला.

"मस्करी केली रं म्या."

"हौ, हौ. माहितेय मला."

"मंग हसत का नाय तू आताशा?"

मोहियोद्दीन हसला. चांगला मोठ्यांदा हसला, शेजारच्या ओट्यापर्यंत जाईल असा. मोतीराम ते हसणं शेवटपर्यंत ऐकत राहिला, आणि मग भाकरीचा दुसरा तुकडा मोडू लागला.